हरताळ आणि हायलायटर

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही, त्यामुळे उचलतानाच छातीत धस्स झालं. "तुझ्या भाचीशी बोल जरा," एवढंच म्हणून तिनं फोन मुलीच्या हातात दिला. पलीकडून आधी नुसतेच हुंदके. मग हळूहळू कळलं ते असं, की बारावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे, जीवशास्त्राचं पुस्तक दोनदा वाचून झालंय, नोट्स काढून झाल्यात, सगळं पाच रंगांत रंगवून झालंय, आणि आज आईनं पुस्तक मिटून एक साधा प्रश्न विचारला तर काही म्हणजे काही आठवलं नाही.

"मामा, मला पान आठवतं रे. पान पिवळं होतं हे आठवतं. त्यावर काय लिहिलं होतं ते आठवत नाही."

थोड्या वेळानं तिनं त्या पानाचा फोटो पाठवला. मी मोजलं. चौदा ओळींचा परिच्छेद, त्यातल्या अकरा ओळी पिवळ्या, दोन गुलाबी. चौदावी ओळ तेवढी कोरी राहिली होती आणि खरं सांगायचं तर माझी नजर पहिल्यांदा तिच्यावरच गेली.

रविवारी पुस्तक घेऊन ये म्हटलं. तिला तर बोलावलं, पण माझी झोप गेली ती गेलीच. कारण अभ्यास आणि रंग यांच्याशी माझं स्वतःचं एक जुनं भांडण आहे. घरातल्या मोठ्यांना ते माहीत आहे, धाकट्यांना नाही. आता सांगून टाकतो.

१९८८ साल. मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' नावाचा विषय माझ्या मानगुटीवर बसला होता. तासांना मी नियमित गैरहजर. वर्गात एक मैत्रीण होती, तिच्या नोट्स म्हणजे देवघरासारख्या. निळ्या शाईत मजकूर, हिरव्यात व्याख्या, लाल रंगात... लाल रंगात काय असायचं ते मी तेव्हा विचारलं नाही. तिच्याकडून वही मागून आणली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दिली, अर्ध्या तासात गठ्ठा बगलेत मारून खोलीवर आलो.

त्या नोट्समध्ये एका तुळईचं गणित दोनदा सोडवलेलं होतं. एकाच आकृतीवर दोन उत्तरं, चिन्हं उलटी. मी समजलो, ही पर्यायी रीत असणार. दुसरी रीत आखूड होती म्हणून तीच पाठ केली. परीक्षेत अगदी तसंच गणित आलं, मी खुशीत सोडवलं, बाहेर येऊन चहा पाजला सगळ्यांना. निकाल लागला तेव्हा त्या विषयात केटी.

मैत्रिणीनं मग मूळ वही उघडून दाखवली. दुसरं उत्तर लाल शाईत होतं. "अरे, लाल म्हणजे सरांनी फळ्यावर चुकीचं करून दाखवलं होतं ते. असं करू नका म्हणून." वहीत 'चूक' हा शब्द कुठेही नव्हता. लिहायची गरजच नव्हती तिला, लाल रंग ते सांगत होता. झेरॉक्सच्या काचेखाली लाल, निळं, हिरवं सगळं काळं झालं आणि मी चूक तोंडपाठ करून बसलो. एका रंगाचं वर्ष.

बाबा शाळेत शिक्षक होते. मी घरी येऊन निकाल सांगितला तेव्हा ते वह्या तपासत होते. त्यांच्याकडे ती लाल-निळी पेन्सिल असायची, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. माझी अपेक्षा होती ओरड्याची. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, झेरॉक्सचा तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि उठून कपाटातून पणजोबांची पोथी काढली.

आमचं मूळ गाव वाईजवळ. पणजोबा भिक्षुकी करायचे. त्यांनी स्वतःच्या हातानं बोरूनं लिहिलेली सप्तशतीची पोथी घरात आहे, शेवटच्या पानावर शके १८०२ घातलंय, म्हणजे इ.स. १८८०. आडवी लांब सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, लाल कापडात बांधलेली. नवरात्रात ती बाहेर निघायची आणि आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नसायची. त्या दिवशी बाबांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बघ, रंग कुठे कुठे आहे सांग."

तोवर मी ती पोथी शेकडो वेळा पाहिली असेल, पण हे कधी पाहिलं नव्हतं. सगळा मजकूर काळा, शब्द एकमेकांना चिकटलेले, मधे जागा म्हणून नाही. पण 'ऋषिरुवाच', 'देव्युवाच' असं जिथे जिथे येतं तिथे अक्षरांवरून तांबूस बोट फिरवल्यासारखा डाग होता. अध्याय संपतो तिथल्या 'इति'च्या ओळीवर तोच रंग. दंडांवर तोच. गेरू. आधी काळ्या शाईनं लिहिलं, वाळलं, मग वरून पातळ गेरू फिरवला, खालची अक्षरं दिसत राहतील इतपत. विचार केलात तर हा सरळ सरळ हायलायटरच झाला की! आणि उगाच शोभेला नव्हे. सप्तशतीच्या पाठात 'उवाच' हा वेगळा मंत्र म्हणून मोजला जातो. गर्दीच्या ओळीत तो निसटला तर मोजणी चुकली. नजरेला पाय रोवायला ती तांबडी पायरी.

दुसरा रंग बाबांनीच दाखवला. एका पानावर मधेच एक पिवळा ठिपका, खरं तर आडवा पट्टा, चार-पाच अक्षरांएवढा. त्यावर पुन्हा काळ्या शाईनं लिहिलेलं. "हा हरताळ," बाबा म्हणाले. "हरताळ फासणे म्हणतो ना आपण? तो हा."

मला खरंच माहीत नव्हतं. 'माझ्या बेतावर हरताळ फासला' हे मी हजारदा म्हटलं असेल आणि दर वेळी मनात बंदचा, दुकानं मिटवण्याचा हरताळ असायचा. तो शब्द वेगळा, गुजरातीतून आलेला, हाटाला म्हणजे बाजाराला टाळं. हा हरताळ म्हणजे संस्कृतातलं हरिताल, आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंधमक खनिज. ते कुटून, खलून, डिंकात कालवून पोथी लिहिणारे जवळ ठेवत. अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासायचा. रंग दाट असल्यामुळे खालचं काळं झाकलं जातं, जुन्या कागदाच्या पिवळसर रंगात तो फारसा खुपतही नाही, आणि वाळल्यावर त्यावर पुन्हा लिहिता येतं. तेव्हाचं व्हाइटनर म्हणा. शिवाय विषारी असल्यानं किडीलाही वचक, म्हणून कधी कधी अख्खा कागदच हरताळानं रंगवून घेत.

म्हणजे पहा, पणजोबांच्या पोथीत लाल म्हणजे 'इकडे लक्ष दे' आणि पिवळं म्हणजे 'हे नाही असं समज'. माझ्या मैत्रिणीच्या वहीत लाल म्हणजे 'हे नाही असं समज'. आणि भाचीच्या पुस्तकात पिवळं म्हणजे 'इकडे लक्ष दे'. शंभर-सव्वाशे वर्षांत रंगांनी जागा बदलल्या. रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतोच, तो कुणीतरी ठरवावा लागतो आणि ठरवलेला पाळावा लागतो.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. केटीबद्दल त्या दिवशी ते आणखी एक शब्दही बोलले नाहीत. पण त्यानंतर जिथे जिथे जुनी पोथी, जुना कागद दिसेल तिथे रंग कुठे आहे हे पाहायची मला खोड लागली. शुक्रवार-शनिवार त्याच सगळ्याची मनात उजळणी चालली होती.

आपल्याकडे हे किती विचारपूर्वक होतं याचा पुरावा दासबोधात आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा सरळ असाव्यात, समास किती सोडावा, बोरू कुठले आणावेत, शाई कशी करून ठेवावी, हे सगळं समर्थ बारकाईनं सांगतात, आणि त्यातच हिंगूळ संग्रही असू द्यावा असंही सांगतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, गेरूपेक्षा भडक आणि महाग. अध्यात्माच्या ग्रंथात स्टेशनरीची यादी यावी याची मला नेहमी गंमत वाटते. पण मठामठांतून ग्रंथांच्या नकला करून घ्यायच्या असतील तर हे सांगायलाच हवं.

सगळ्यात चोख वापर मात्र वेदांच्या पोथ्यांत दिसतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं आहेत, २००७ साली युनेस्कोनं जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत त्यांचा समावेश केला. त्यांतलं सर्वांत जुनं, तारीख असलेलं, इ.स. १४६४ चं. ऋग्वेदाच्या पोथ्यांत पुष्कळदा अक्षरं काळ्या शाईत आणि स्वरांच्या खुणा लाल शाईत असतात: अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराच्या खाली, स्वरिताची उभी रेघ अक्षराच्या वर. विद्यार्थ्यानं काळं वाचायचं आणि लाल ऐकायचं. एकाच ओळीत दोन गोष्टी, आणि एकमेकींत मिसळत नाहीत. माझ्या मते रंगाचा अभ्यासासाठी याहून चांगला उपयोग कुणी केलेला नाही. काळ्यानं जे सांगता येत नाही तेवढंच लालनं सांगायचं.

यावरून रामानुजनची आठवण होते. मद्रासच्या ओढगस्तीच्या दिवसांत कागद परवडत नसे म्हणून तो आधी लिहिलेल्या कागदावरच लाल शाईनं पुन्हा लिहीत असे. तिथे रंग म्हणजे चक्क दुसरा कागद. असो, हे थोडं विषयांतर झालं.

गेरू ही काही आपली एकट्याची मिरास नाही. इजिप्तमध्ये लेखनिकाच्या लाकडी पाटीवर शाईचे दोन खळगे असत, एक काजळीच्या काळ्यासाठी आणि एक गेरूच्या लालसाठी. तोच तो गेरू. साडेतीन हजार वर्षांपूर्वी, इ.स.पू. १५५० च्या सुमारास आह्मोस नावाच्या लेखनिकानं गणिताचा एक पपायरस उतरवून काढला. आज तो ऱ्हिंड पपायरस म्हणून ओळखला जातो आणि त्याचा बहुतेक भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चौऱ्याऐंशी उदाहरणं, आणि उदाहरणांची सुरुवात लाल शाईत. त्याच काळातल्या एबर्स नावाच्या वैद्यकाच्या पपायरसात रोगांचे मथळे लाल आहेत. वैद्य घाईत असणार, रोगी विव्हळत असणार, पोटदुखीचं औषध कुठे आहे ते गुंडाळी उलगडता उलगडता दिसायला नको का? तो लाल रंग लक्षात ठेवण्यासाठी नव्हता, सापडण्यासाठी होता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, पुढे त्याच्याकडे येतो.

युरोपातही हेच. लॅटिनमध्ये लाल म्हणजे 'रुबर', त्यावरून लाल मथळ्याला 'रुब्रिक'. आजकाल शाळा-कॉलेजांत शिक्षक ज्या रुब्रिक्सनी मार्क देतात तो शब्द मुळात गेरूचाच. तिथल्या पंचांगांत संतांचे मोठे सणवार लाल अक्षरांत लिहीत. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर लटकणाऱ्या कॅलेंडरातली लाल तारीख त्याच कुळातली. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या विद्यापीठांच्या पोथ्यांत परिच्छेदांच्या खुणा एक लाल, एक निळी, एक लाल, एक निळी अशा आलटून पालटून दिसतात. त्यातला निळा निळा म्हणून काही सांगत नाही, तो फक्त 'मी आधीचा नव्हे' एवढंच सांगतो.

आणि इथे मला जे सापडलं (म्हणजे शोध माझा नव्हे, पण मला उशिरा उमगलं) ते असं. हा रंग भरायचं काम बहुतेक ठिकाणी लिहिणाऱ्याच्या हातून त्याच वेळी होत नसे. लिहिणारा काळं लिहून जागा मोकळ्या सोडे, मग रंगवाला येई, कधी तोच माणूस दुसऱ्या दिवशी, कधी वेगळा माणूस. गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमारास बायबल छापलं तेव्हा पहिल्या काही पानांवर मथळे लाल शाईत छापून पाहिले. एकच पान दोनदा छापायचं, तेही नेमकं जागेवर बसवून, हा उपद्व्याप त्याला झेपला नाही. त्यानं तो नाद सोडला आणि जागा कोऱ्या ठेवल्या. कुठे कोणता लाल मथळा भरायचा याची छापील यादी वेगळी दिली, तिच्या प्रती अजून शिल्लक आहेत. पॅरिसमधल्या एका प्रतीवर तर रंगवणाऱ्याची सहीच आहे: हाइनरिक क्रेमर, मेन्झ गावातला एक धर्मोपदेशक, ऑगस्ट १४५६. म्हणजे ग्रंथ छापून झाल्यावर कुणीतरी तो समोर घेऊन बसला, पानन् पान उलटलं, आणि मग लाल केलं.

पणजोबांचा गेरू दुसऱ्या फेरीचा. वैदिकाची लाल रेघ अक्षरांनंतरची. हरताळ तर शोधन करतानाचा, म्हणजे लिहिलेलं मुळाशी ताडून पाहतानाचा. इजिप्तचा लेखनिक दोन्ही शाया एका बैठकीत वापरी हे खरं, पण त्याच्यापुढे मूळ प्रत असे, काय महत्त्वाचं ते आधीच ठरलेलं असे. रंग यायचा तो मजकूर कळल्यावर. आम्ही काय करतो? पुस्तक पहिल्यांदा उघडतो तेव्हाच टोपण काढलेला हायलायटर हातात असतो. काय महत्त्वाचं ते अजून माहीतच नाही, मग सगळंच महत्त्वाचं वाटतं. अकरा ओळी पिवळ्या होतात त्या अशा.

छापखान्यानं पुढे कित्येक शतकं पुस्तकं काळी-पांढरी करून टाकली. रंग परत आणायचा सगळ्यात वेडा प्रयत्न केला तो ऑलिव्हर बर्न नावाच्या माणसानं, आणि तोही भूमितीत! १८४७ साली लंडनमध्ये त्यानं युक्लिडचे पहिले सहा खंड काढले. त्यात कोन अबक, बाजू कखग अशी अक्षरंच नाहीत. लाल, पिवळा, निळा, काळा. वाक्याच्या मध्येच चिमुकला लाल कोन काढलेला, बरोबरचं चिन्ह, मग पिवळा कोन. पायथागोरसचा सिद्धांत म्हणजे रंगीत चौकोनांची रांगोळी. बर्नचं म्हणणं होतं की अशानं भूमिती एक तृतीयांशाहून कमी वेळात येते. पानं आजही पाहिली तर कुणा आधुनिक चित्रकाराची वाटतील. पण चार रंगांचे ठसे प्रत्येक पानावर नेमके बसवायचे म्हणजे खर्च केवढा! पुस्तक महागडं झालं, शाळांनी काही ते उचललं नाही, आणि प्रकाशक विल्यम पिकरिंग १८५३ मध्ये दिवाळखोरीत निघाला. त्याला बर्नचं एकटं पुस्तक कारण नव्हे, पण हातभार लागला नसेल असं नाही.

मला बर्नबद्दल प्रेम आहे, पण तो कुठे चुकला हे केटीवाल्याला बरोबर कळतं. त्यानं रंगालाच नाव केलं. आता ती सिद्धता वर्गात मोठ्यानं वाचता येत नाही, पाटीवर खडूनं उतरवता येत नाही, ज्याला लाल-हिरवं सारखंच दिसतं त्याच्या वाट्याला पुस्तक अर्धंच येतं. आणि झेरॉक्स काढली तर सगळंच मुसळ केरात! माझ्या मैत्रिणीची वही आणि बर्नचा युक्लिड, दोन्हींचा दोष एकच. रंग गेला की अर्थ गेला. पणजोबांच्या पोथीतला गेरू पार पुसला तरी 'उवाच' जागेवर असतो.

आता हायलायटर. त्याचं वय माझ्यापेक्षा फार नाही. अमेरिकेतल्या कार्टर्स इंक कंपनीनं १९६३ मध्ये 'हाय-लायटर' बाजारात आणला. जपानमध्ये नुकतीच तंतूच्या टोकाची पेनं निघाली होती, तोच टोकाचा प्रकार, फक्त शाई पाण्यासारखी पातळ आणि पारदर्शक. १९७१ मध्ये जर्मनीतल्या श्वान-स्टाबिलोनं झगझगीत, फ्लुओरेसंट शाईचा 'स्टाबिलो बॉस' काढला आणि मग अभ्यास म्हटला की तो पिवळा रंग हे समीकरणच झालं. पिवळाच का? डोळा पिवळ्या-हिरव्याच्या आसपास सगळ्यात तल्लख असतो. त्या शाईतलं द्रव्य न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाश शोषून पिवळा-हिरवा म्हणून परत फेकतं, त्यामुळे कागदापेक्षाही तेजस्वी वाटतो. आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो जवळजवळ उमटतच नाही, खालचा मजकूर स्वच्छ येतो. तेवढं मैत्रिणीकडे १९८८ मध्ये असतं तर! अर्थात मग मला त्या पिवळ्याचाही पत्ता लागला नसता म्हणा. :)

मी पहिला हायलायटर हातात धरला तो नोकरी लागल्यावर. टेंडरच्या कागदांत तारखा आणि रकमा शोधायला. तिथे तो झकास चालतो, कारण तिथे पाठ काहीच करायचं नसतं. सापडायचं असतं. एबर्सच्या वैद्यासारखं.

मानसशास्त्रवाल्यांनीही यात बरंच डोकं घातलंय. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ या बाईंनी दाखवलं की एकाच जातीच्या गोष्टींच्या यादीत एखादी वेगळ्या जातीची घातली तर ती अधिक लक्षात राहते. रंगवणारे याचा आधार घेतात, आणि तो खराही आहे, फक्त 'एखादी' हा शब्द विसरतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीतींवरचं आधीचं सगळं संशोधन चाळून काढलं. अधोरेखन आणि हायलायटिंग कमी उपयोगाच्या गटात गेलं. पुस्तक पुन्हा वाचणंही त्याच गटात. वरच्या गटात दोनच रीती बसल्या: स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास थोडा थोडा करून लांब अंतरावर पसरणं. ताईनं पुस्तक मिटून प्रश्न विचारला तो नेमका पहिल्या रीतीत बसतो, हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही. डोक्यावर बसेल.

रविवारी भाची आली. डोळे सुजलेले, पाठीवर दप्तर, दप्तरात पाऊचभर पेनं. बायकोनं थालीपीठ लावलं होतं, ते खाऊन झाल्यावर मी पाऊच काढून घेतला आणि एक साधी पेन्सिल दिली. मिटलेल्या पुस्तकातलं मूत्रपिंड, जसं आठवेल तसं, कोऱ्या कागदावर. सुरुवातीला नुसतीच बसून राहिली. मग एक घेवड्याच्या बीसारखा आकार आला, मग नळ्या, मग दोन नावं, तिसरं खोडलं. वीस मिनिटांनी मी म्हटलं, आता उघड पुस्तक. आणि एकच रंग घे, लाल. जे राहिलं, जे चुकलं, तेवढंच लाल.

"आणि पिवळं?"

"पिवळं आज नाही."

तिनं केलं तसं. कागदावर तेरा ठिकाणी लाल झालं. तेरा ठिकाणं पाहून पुन्हा रडते की काय असं वाटलं, पण ती म्हणाली, "बाकीचं येत होतं की मला." दुसरा कागद घेतला, तेच मूत्रपिंड पुन्हा, नऊ लाल. संध्याकाळी चहाच्या वेळी तिसरा. त्यावरचे मी मोजले नाहीत, तिनं मोजले आणि मला सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर कळत होतं. परीक्षेत काय होईल ते होईल. तीन आठवडे आहेत अजून.

निघायच्या आधी तिला माझी केटी सांगितली. खूप हसली. मामाला केटी लागली होती हे तिला आईनं कधी सांगितलं नव्हतं म्हणे! मग पोथी काढली. हात धुऊन बसली, आम्हाला बसवायचे तशी. गेरू दाखवला, ती म्हणाली "ए, हा तर हायलायटर." हरताळाचा पट्टा दाखवला, त्यावर बोट न टेकवता बराच वेळ पाहत राहिली.

"खाली काय आहे पण?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. बाबांनाही पडला असेल असं वाटत नाही. आम्ही दोघांनी ते पान दोन्ही हातांवर पेलून हळूच खिडकीपाशी नेलं आणि उजेडासमोर आडवं धरलं. उन्हं तिरपी झाली होती. पिवळ्या पट्ट्याच्या आत, वरच्या अक्षरांच्या मागे, आणखी अक्षरं होती, पुसट पण वाचता येतील अशी. तिनं अडखळत लावली, आणि मग अलीकडची ओळ वाचून पाहिली.

पणजोबांनी मागच्या ओळीतलाच शब्द पुन्हा लिहिला होता. लिहिता लिहिता डुलकी लागली असणार.